थंड पेटीतला लाल ठिपका

१

चोलोक-साय गावाच्या टेकडीवर त्या वसंतात दोन लहान कबरी झाल्या. बर्फ अजून पुरता वितळला नव्हता. गोठलेली माती फोडता फोडता पुरुषांच्या हाताला फोड आले. आणि त्या कबरींचं कारण, असं सगळेच म्हणत होते, आसिलकानच्या टेबलावर एका कागदावर रेघ होऊन पडलं होतं.

ती रेघ काढणारं यंत्र काडेपेटीएवढं होतं. लसीच्या थंड पेटीत बाटल्यांसोबत ते ठेवायचं. प्रवासभर ते मुकाट्याने आतलं तापमान टिपायचं, आणि टिपताना दर वेळी त्याचा लाल ठिपका एकदा लुकलुकायचा. त्याचं खरं नाव लॉगर. ड्रायव्हर लोक त्याला चहाडखोर म्हणत.

"सही कर आणि मोकळी हो," वरिष्ठ म्हणाले. "ड्रायव्हरने कबूल केलंय. खोऱ्यात गोवर पसरलाय म्हणून आपण लस पाठवली. त्याने गाडीत हीटर लावून पेटी तापवली, लस फुकट गेली. दुसरी पोचायच्या आत खिंड पुन्हा बंद पडली, आणि गोवर मात्र पोचला. आता यात शोधायचं काय उरलंय?"

"त्या दोन मुलांतला एक त्याचाच नातू होता, साहेब."

"म्हणून तर कबूल केलं."

आसिलकान आरोग्यखात्यात तपासनीस होती, पण तपासनिसाला शोभेल असा ठामपणा तिच्यात कधीच नव्हता. घराला कुलूप लावलं तरी ती वाटेतून परत फिरून ते ओढून पाहायची. तिने कागद जवळ घेतला. चार अंशांवर रेघ सरळ चालली होती. संध्याकाळी ती एकदम भिंतीसारखी उभी चढली. रात्रभर एकोणचाळिसाच्या आसपास राहिली, पहाटे किंचित कलली, आणि मग तशीच भिंतीसारखी खाली उतरून पुन्हा चारवर आली.

मोटारीचा हीटर कधी लावतात, कधी बंद करतात; त्याची रेघ करवतीच्या दातांसारखी येते. ही रेघ आणि ती कबुली, दोन्ही खऱ्या असू शकत नव्हत्या.

तिने सही केली नाही.

२

ड्रायव्हर कुरमान म्हातारा आपल्या अंगणात बसला होता. समोर चहा होता, त्यावर साय धरली होती.

"कुरमान अके," थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणत आसिलकानने विचारलं, "त्या रात्री काय झालं?"

"लिहून दिलंय ना, पोरी. पुन्हा कशाला विचारतेस?"

"पेटी कुठे होती?"

"गाडीत. माझ्या शेजारी."

"खिंड बंद होती म्हणून तुम्ही खिंडीखाली बुरुल आपाच्या घरी उतरलात. पाहुणा घरात आणि त्याचं ओझं बाहेर? बुरुल आपाच्या दारात?"

कुरमानने मान खाली घातली. "तिची सून आली आणि पेटी आत घेऊन गेली. मी नको म्हणत होतो. पण त्यांना लाज वाटते ना ओझं बाहेर राहिलं तर."

"मग हीटर कुठून आला?"

"हीटर असेल नाहीतर चूल असेल! पेटी माझ्या ताब्यात होती की नव्हती?" त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "बेगायिम, माझी लेक, म्हणाली, बाबा, माझ्या दारात पाऊल टाकू नका. बरोबरच आहे तिचं. तुरुंगाचं दार तरी उघडं आहे, पोरी. मला तिथे जाऊ दे."

आसिलकानने उगाच विचारलं, "तुम्ही झोपलात कुठे?"

"अडगळीच्या खोलीत. थोरल्या खोलीत जागा नाही म्हणाल्या." इतक्या दुःखातही त्याला हसू आलं. "आणि जेवायला काय, तर भाकरी नि चहा. कढई म्हणून चढली नाही. अगं, त्या घरात मांजरालासुद्धा कणकेचे बोरसोक तळून घालतात! म्हटलं, आपण म्हातारे झालो, आपला मान संपला."

यात काहीतरी आहे असं आसिलकानला वाटलं. पण काय, ते तिला सांगता आलं नसतं.

"मला तिकडे घेऊन चला, अके. खात्याकडे दुसरा ड्रायव्हर नाही."

"खात्याची गाडी काढून घेतलीय माझ्याकडून."

"तुमची स्वतःची जुनी निवा गाडी आहे ना?"

कुरमानने चहावरची साय बोटाने बाजूला केली. "चोलोक-सायच्या पुलापर्यंत येईन," तो म्हणाला. "पुढे नाही."

३

निघण्याआधी आसिलकान लसींच्या शीतगृहात गेली. तिथला भांडारप्रमुख तुर्दुबेक जाडजूड होता, बोलका होता, आणि त्या आठवड्यात मनातून फार घाबरलेला होता.

"या, आसिलकान एजे, या ताई! चेहरा तर असा की जणू आत्ताच सासू भेटली. माझ्यावर संशय आहे का? माझ्याकडची रेघ बघा, इस्त्री केल्यासारखी सरळ. जे काय केलं ते म्हाताऱ्याने केलं. वयच झालंय. परवा स्वतःची टोपी डोक्यावर ठेवून टोपी शोधत होता."

"पेटी चुलीपाशी राहिली असं धर. आतल्या बर्फाच्या पिशव्या वितळल्या. मग सकाळी ती परत चार अंशांवर कशी आली?"

"त्यात काय! बाहेरचा बर्फ भरला. अख्खा डोंगर पडलाय."

"बाहेरचा बर्फ भरला असता तर रेघ शून्याखाली गेली असती. त्या दिवशी खिंडीत डिझेल गोठलं होतं."

तुर्दुबेकने कान खाजवला.

"एक पेटी तशीच भर," ती म्हणाली. "आत लॉगर ठेव. आणि तुझ्या त्या शेगडीजवळ ठेव."

"आणि आपण काय करायचं?"

"बसायचं."

दोघं बसली. दिवसभरात तुर्दुबेकचे तीन चुटके झाले, दोनदा चहा झाला. शेगडीपाशी पेटीचं झाकण हाताला ऊन लागायला लागलं. संध्याकाळी लॉगर काढून पाहिला तर त्याची रेघ चढली होती खरी, पण थकलेलं गाढव चढ चढतं तशी. दिवसभरात जेमतेम चार पावलं. भिंत कुठेच नव्हती.

तुर्दुबेकचं हसू मावळलं. "म्हणजे पेटी तापलीच नव्हती?"

"नाही. चहाडखोर एकटाच पेटीबाहेर पडला. एकटाच तापला. आणि सकाळी एकटाच परत आत आला."

"आणि लस?"

"लस रात्रभर थंडच होती."

तो मटकन पोत्यावर बसला. "एजे," तो म्हणाला, "तिथल्या परिचारिकेला फोनवर ते मीच सांगितलं होतं. यंत्रावर फुली दिसतेय ना, मग लस जाळून टाक म्हणून."

४

खिंड ओलांडून चोलोक-सायच्या पुलापाशी कुरमानने गाडी थांबवली. तिथून गावची निळी छपरं दिसत होती. त्यातल्या एका छपराकडे तो बघत नव्हता, आणि तो ते कष्टाने टाळतोय हे कळत होतं.

आसिलकान चालत आरोग्यकेंद्रात गेली. तिथली परिचारिका जिपारा पोरसवदा होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"मी पेटी उघडली तेव्हा ती थंडगार होती, एजे. माझी बोटं बधिर झाली. पण यंत्राच्या पडद्यावर फुली होती. फुली दिसली तर टोचायचं नाही, असा नियम आहे."

"बाटल्या हाताला गार लागल्या, तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतं? खराब झालेलं टोचलं असतं आणि कुणाला काही झालं असतं तर?" ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "एजे, ती लस चांगली होती का हो?"

"यंत्र कुठे आहे?" एवढंच आसिलकानने विचारलं.

त्यातली रेघ शहरात पाठवून झाल्यावर खणात ठेवलेलं ते यंत्र जिपाराने काढून दिलं. त्याच्या कोपऱ्यात अडकवण्यासाठी एक भोक असतं. त्या भोकात लाल लोकरीचं टोक होतं. पक्की गाठ मारलेली, आणि दोरा कशाने तरी कापलेला.

"हे तू बांधलंस?"

"नाही. आलं तेव्हापासून तसंच आहे."

शहरातून निघताना यंत्र कोरं असतं. म्हणजे तो दोरा वाटेत आला. वाटेत एकच घर होतं.

इतक्यात दार ढकलून एक बाई मुलाला घेऊन आली. मूल मान टाकून तिच्या खांद्यावर पडलं होतं, अंगावर पुरळ होतं. जिपाराने डोळे पुसले, त्याच्या काखेत तापमापी ठेवली आणि ते हलू नये म्हणून त्याला कुरवाळत बसली. मग काच उजेडात धरली.

"एकोणचाळीस. घाबरू नका, पहाटे उतरेल. घाम फुटतो आणि उतरतो. गोवराचा ताप असाच असतो."

आसिलकानने पिशवीतला कागद काढला. रात्रभर एकोणचाळिसाच्या आसपास. पहाटे किंचित कललेली.

ही चुलीची रेघ नव्हती. मोटारीचीही नव्हती. कुणी धडधाकट माणसाने यंत्र छातीशी धरलं असतं, तर ते एवढं तापलं नसतं. इतके दिवस ती रेघ तिच्या टेबलावर पडून होती, आणि तिने ती फक्त औषधाची म्हणून वाचली होती.

"काय झालं, एजे?"

"त्या रात्री हे यंत्र एका मुलाच्या अंगावर होतं," आसिलकान म्हणाली. "तापाने भाजणाऱ्या मुलाच्या."

५

खिंड पुन्हा उतरून ती दोघं आली, तेव्हा बुरुल आपाच्या थोरल्या खोलीच्या खिडकीला लाल फडकं होतं. ते काढायचं राहून गेलं असावं. उन्हाने विटून गुलाबी झालं होतं. अंगणात चार वर्षांची एक मुलगी कोकराला बळजबरीने भाकरी भरवत होती. कुरमान गाडीतच बसून राहिला.

"ये, पोरी, ये! वेळेवर आलीस, कढई चढलीय," बुरुल आपा म्हणाली. खरंच घरभर तळणाचा वास होता. सून गुल्सुन हातात झारा घेऊन चुलीपाशी बसली होती.

"कुरमान अकेंसाठी मात्र चढली नव्हती म्हणे."

"त्याने चहाडी केली होय?" म्हातारी तोंडावर रुमालाचं टोक घेऊन हसली. "मेला, जन्मभर लक्षात ठेवील. काय करू गं, माझ्या नातीकडे, केरेझकडे, तेव्हा लाल पाहुणी आली होती. त्या दुखण्याचं नाव घ्यायचं नसतं. तेलाचा धूर करायचा नाही, परक्याला पोर दाखवायचं नाही. लाल पडदा लावायचा, लाल नेसवायचं. लालला लाल दिसलं की ती शांत होते. माझ्या आईने असंच केलं, तिच्या आईनेही."

आसिलकानने लॉगर पुढे केला.

बुरुल आपाचा चेहरा उजळला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. "हेच! देवा, हेच ते! मी बघितलं, सुनेने पुढच्या गार खोलीत कसली पेटी आणून ठेवलीय. उघडली, तर लेकरांचं औषध. आणि त्यात हे, बर्फात निजलेलं, तरी लुकलुकतंय. मला वाटलं, औषधाचं काळीज आहे. आणि काळीज तेही लाल! पोरगी फणफणत होती, मला ओळखत नव्हती. मी हे दोऱ्यात ओवलं आणि ताइताबरोबर तिच्या छातीवर बांधलं. बाटल्यांना हात नाही लावला हं! त्या दुसऱ्यांच्या लेकरांच्या. झाकण घट्ट लावून टाकलं, गार राहू दे म्हणून. पहाटे तिला घाम फुटला, ताप उतरला, म्हणाली, आजी, पाणी. मग दोरा कापून जिथलं तिथे ठेवलं. चोरलं नाही, पोरी. रात्रीपुरतं उसनं घेतलं."

अंगणात कोकरू ओरडलं, मुलगी त्याला रागावली.

वाटभर आसिलकानने शब्द जुळवले होते. आता ती यंत्राच्या भोकातल्या लाल टोकाकडे पाहत होती.

"गप्प का? बिघडलं का माझ्या हातून? मेंढी विकून भरून देईन."

"बिघडलं नाही, आपा. ते अगदी नीट चाललं. जिथे ठेवाल तिथली ऊब टिपणं, एवढंच त्याचं काम. त्याने केरेझचा ताप टिपला. वरच्या गावात उघडून पाहिलं, तेव्हा त्यांना वाटलं, औषधच तापलं. म्हणून त्यांनी ते जाळलं."

गुल्सुनने कढई चुलीवरून उतरवली. तेलाचा आवाज हळूहळू थांबला.

"चोलोक-सायच्या लेकरांचं औषध?"

"हो."

"म्हणजे ती दोघं..."

यंत्र म्हातारीच्या मांडीवर लुकलुकत होतं. तिने ते उचलून परत केलं. निखारा उचलावा तसं, बोटांच्या टोकांनी.

"आपा, तुम्हाला माहीत नव्हतं. अके सुटतील एवढं मी लिहीन. कुणाचं नाव घालायची गरज नाही."

"तू चांगली आहेस," बुरुल आपा म्हणाली. "पण कुरमान माझ्या घरी अडगळीत झोपला, उपाशी झोपला, आणि माझं करणं डोक्यावर घेऊन बसलाय. त्याच्या लेकीला मी निरोप पाठवला होता सांत्वनाचा. निरोप! जायला गुडघे दुखत होते माझे." ती भिंतीला धरून उठली. "गुल्सुन, माझी शाल दे गं."

६

गाडीत बसल्यावर बुरुल आपाने सगळं कुरमानला सांगितलं. मागच्या सीटवरून, न थांबता, त्याच्या मानेकडे पाहत. तिचं सांगून झालं तरी त्याने किल्ली फिरवली नाही. अंगणातली मुलगी कोकराला ओढत घरात नेत होती, तिकडे तो पाहत होता.

"आता बरी आहे ना ती?" त्याने विचारलं.

"बरी आहे."

"बरं झालं," कुरमान म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.

खिंड ओलांडून आल्यावर पुलापाशी गाडी आपोआप थांबली. मग म्हातारी म्हणाली, "चल पुढे, कुरमान. एकटीने जायची हिंमत नाही मला." आणि गाडी पूल ओलांडून गेली.

बेगायिमच्या घराच्या फाटकापाशी बुरुल आपा उतरली. दुखवट्याला आलेल्या बाईने फाटकापासूनच विलाप सुरू करायचा असतो, म्हणजे घरात कळतं. तिने सुरू केला. आवाज म्हातारा होता, चिरका होता. आधी ती बेगायिमच्या मुलाच्या, बायेलच्या, पायांविषयी बोलली, जे अंगणभर धावायचे; मग त्याच्या टोपीविषयी, जी आता कुणाला होणार. मग त्याच सुरात, न थांबता, तिने पेटीविषयी सांगितलं, लाल ठिपक्याविषयी सांगितलं, आपल्या हातांविषयी सांगितलं. शेजारच्या बाया कुंपणापाशी आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

बेगायिम दारात उभी होती. काळा रुमाल, कोरडे डोळे. विलाप थांबेपर्यंत ती हलली नाही. मग आसिलकानकडे वळली. "खरं आहे हे?"

"खरं आहे."

"तुमची नात जगली, आपा?"

"जगली."

"केवढी आहे?"

"चार वर्षांची."

"बायेल तिसऱ्या वर्षात होता." बेगायिमने दाराची चौकट धरली. "तुम्ही जा, आपा. मला तुमच्याशी बोलता येत नाही. पुढे कधी येईल की नाही, माहीत नाही."

बुरुल आपाने मान हलवली. पण ती गेली नाही. फाटकाला धरून उभीच राहिली. आसिलकानने तिचा दंड धरला. शालीखाली तो हात एवढासा होता.

बेगायिम तिच्या शेजारून निघून गाडीपाशी गेली. इंजिन चालूच होतं. कुरमान सरळ समोर पाहत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिने दार उघडलं.

"बाबा, उतरा."

"तू म्हणाली होतीस ना..."

"म्हणाले होते. उतरा आता."

त्याला उतरता येईना. तिने त्याची बोटं स्टिअरिंगवरून सोडवली, एक सोडवलं की दुसरं पुन्हा धरत होतं, तरी सोडवली, आणि त्याला काखेत आधार देऊन अंगणात आणलं. या खोऱ्यात पुरुष मयताच्या घराकडे येताना लांबूनच मोठ्याने रडत येतो. अख्ख्या गावाला ते ऐकू जातं, आणि ऐकू जायलाच हवं असतं. कुरमानला नातवासाठी तसं येता आलं नव्हतं. दफनाच्या दिवशी तो पुलापलीकडे उभा होता म्हणे, तोंडात टोपी कोंबून.

आता अंगणाच्या मध्यावर त्याचे पाय थांबले. त्याने मान वर केली आणि हंबरडा फोडला. बेगायिमने त्याला आवरलं नाही. ती त्याच्या छातीला कपाळ लावून उभी राहिली, आणि गावातली दारं एकामागून एक उघडू लागली.